‘अ होपलेस डॉन’ या चित्राच्या नावाला मराठीत काय म्हणाल?

रातपाळी

नमस्कार. एका चित्राच्या नावासाठी मदत हवी आहे. प्रश्न छोटा आहे, पण तो का पडला ते सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही, म्हणून थोडं लांबतंय.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे येऊन गेली. मी इंग्लंडमध्ये प्लिमथला असते, इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आईला लंडन दाखवायला दोन दिवस रजा काढली होती. टेट ब्रिटन या चित्रसंग्रहालयात फिरता फिरता तिचे पाय भरून आले, म्हणून मी बसायला जागा शोधत होते. मागे वळून पाहते तर आई एका चित्रासमोर उभी. दहा मिनिटं झाली तरी हलेना. मी जवळ गेले तर म्हणाली, "हिचा नवरा परत आला नाही गं."

शेजारची पाटी तिने वाचलेली नव्हती. तिला इंग्रजी वाचता येत नाही.

चित्र फ्रँक ब्रॅम्लीचं, १८८८ सालचं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये न्यूलिन नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, तिथल्या एका घराच्या आतलं दृश्य. चांगलं मोठं आहे, साधारण चार फूट उंच आणि साडेपाच फूट रुंद. रुंद खिडकी, तिच्याबाहेर खवळलेला करडा समुद्र. खिडकीपाशी एक म्हातारी बसली आहे. तिच्या मांडीत तोंड खुपसून एक तरुण बाई जमिनीवर कोसळली आहे. टेबलावर पांढरं कापड अंथरून जेवणाची मांडामांड केलेली, आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. मेणबत्ती रात्रभर जळून संपत आली आहे. जवळच मोठं बायबल उघडं पडलंय. भिंतीवर एक धार्मिक चित्र टांगलंय. बस. समुद्रात काय घडलं त्याचा एक ठिपकाही नाही. होडी नाही, प्रेत नाही, निरोप घेऊन आलेला माणूस नाही.

आई म्हणाली, "ती म्हातारी सासू आहे." मी विचारलं कशावरून, आईच असेल की तिची. तर म्हणाली, "त्या म्हातारीचाही मुलगाच गेलाय. पण आधी हिला मांडी द्यायची, मग स्वतःचं बघायचं, असं बसलीये ती." मी ते चित्र आधी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा मला ती म्हातारी फक्त धीर देणारी वाटली होती. तिचं स्वतःचं काही गेलंय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग आईने नाव विचारलं. मी पाटीवरचं ‘अ होपलेस डॉन’ वाचलं आणि सांगितलं, "निराश पहाट." आई म्हणाली, "पहाट कशी निराश होईल? निराश माणूस होतं."

ते मला इतकं पटलं की तेव्हापासून अडून बसले आहे. ‘हताश पहाट’मध्ये तीच अडचण. ‘आशाहीन पहाट’ औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं कोरडं वाटतं. ‘आशा मावळलेली पहाट’ म्हणजे मावळणं आणि उगवणं एकाच ओळीत, आणि तेही मुद्दाम केल्यासारखं.

एक गोष्ट अजून सांगते, कारण मला वाटतं नावाचं मर्म तिच्यातच आहे. रातपाळीत चार ते सहाच्या मधली वेळ मी चांगली ओळखते. अत्यवस्थ रुग्णाचे नातेवाईक ज्या खोलीत बसतात तिथे रात्री दिवा असतो, खिडकी काळी असते, आणि त्या काळ्या खिडकीच्या भरवशावर माणसं तग धरतात. डॉक्टर येतील, काही सांगतील. मग बाहेर उजेड यायला लागतो. एक वेळ अशी येते की बाहेरचा उजेड आणि आतला दिवा दोन्ही सारखेच फिके दिसतात. कुणी काही सांगितलेलं नसतं, तरी त्या पाच-दहा मिनिटांत लोकांना कळतं. चेहरे बदलताना मी पाहिलेत. ब्रॅम्लीने नेमका तोच उजेड रंगवलाय, मेणबत्तीचा पिवळा आणि खिडकीतला निळसर करडा, एकाच खोलीत, एकाच क्षणी.

तर आईला फोनवर सांगता येईल असं नाव सुचवा. आणि या चित्राबद्दल, त्या गावाबद्दल कुणाला माहिती असेल तर तीही हवी आहे.

पागोळी

तुमच्या आईंचं बरोबर आहे, पण त्रास ‘निराश’ या शब्दापेक्षा ‘पहाट’ देतेय असं मला वाटतं. मराठीत पहाट हा शब्द कधी मोकळा येतच नाही. भूपाळी, गारवा, पाखरं, सगळं सोबत घेऊन येतो. तांबडं फुटलं, झुंजुमुंजू झालं, यातही आनंदच आहे. त्याच्यामागे कुठलंही विशेषण लावा, पहाट त्याला गिळून टाकते.

‘उजाडणं’ मात्र कोरडं आहे. उजाडलं म्हणजे उजाडलं, चांगलं-वाईट काही नाही. शिवाय ‘उजाडलं’ म्हणताना कानाला ‘उजाड’ ऐकू येतं. व्युत्पत्ती काय असेल ती असो, बोलताना ते दोन शब्द शेजारीच राहतात. म्हणून मी ‘उजाड पहाट’ सुचवेन. पहाटेला तिच्याच घरातल्या शब्दाने गप्प केलं. घर उजाड, गाव उजाड आपण म्हणतोच, त्यामुळे आईंना ‘पहाट उजाड कशी होईल’ असं वाटणार नाही. निदान मला वाटलं नाही.

डोलकाठी

ताई, मी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे या चित्राकडे मी खिडकीच्या बाहेरून बघतो. शब्दांतलं मला कमी कळतं, पण पहाटच का, याचं उत्तर मासेमारीत आहे आणि ते चित्राच्या पुस्तकांत फारसं सांगत नाहीत.

न्यूलिनच्या होड्या रात्री मासेमारी करायच्या. मॅकरेल आणि पिल्चर्ड हे दोन मासे म्हणजे त्या गावाचं पोट. पहिला आपल्या बांगड्याच्या जातीचा, दुसरा तारलीच्या. दोन्ही धरायची रीत एकच. संध्याकाळ झाली की होड्या बाहेर पडणार, अंधार पडता पडता लांबच लांब जाळी पाण्यात सोडणार, आणि रात्रभर जाळ्यांबरोबर वाहत राहणार. जाळं अंधारात माशाला दिसत नाही, म्हणून रात्र. मग जाळी ओढायची आणि परत फिरायचं. सकाळी किनाऱ्यावर लिलाव. तिथला मॅकरेल शेजारच्या पेन्झन्स गावच्या स्टेशनावरून रेल्वेने लंडनला जायचा, त्यामुळे उशीर परवडत नसे. १८५९ साली टेमार नदीवर मोठा पूल झाला आणि कॉर्नवॉल उरलेल्या इंग्लंडला रेल्वेने जोडलं गेलं, तेव्हापासूनचं हे.

आता चित्र पुन्हा बघा. त्या घरात पहाट म्हणजे माणूस घरी येण्याची वेळ. ते टेबल त्याच्यासाठी मांडलंय. रात्री तो आला नाही यात काळजीचं काही नव्हतं, रात्री कुणीच येत नाही. उजेड झाल्यावर बाकीच्या होड्या लागल्या आणि ही लागली नाही, तिथे रडणं सुरू होतं. तुम्ही म्हणता ती काळ्या खिडकीची गोष्ट इथे अक्षरशः खरी आहे. अंधार होता तोवर तो कामावर होता.

वादळाची सूचना देण्याची सोय तेव्हा नव्हती असं कुणी समजू नये. तिथल्या हवामान खात्याचा प्रमुख अॅडमिरल फिट्झरॉय याने १८६१ पासून बंदरांवर शंकू चढवून इशारे द्यायला सुरुवात केली होती, आणि बऱ्याच बंदरांत वायुभारमापक लावलेले होते. तरी लोक जायचे. १४ ऑक्टोबर १८८१ ला स्कॉटलंडच्या आयमथला हवेचा दाब फार खाली गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. पण बरेच दिवस हवेमुळे होड्या बांधून पडलेल्या, घरात पैसा नाही, आणि त्या सकाळी समुद्र शांत. निघाले. त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार गेले, त्यातले १२९ एकट्या आयमथचे. काही होड्या बंदराच्या तोंडाशी, घरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. ब्रॅम्लीने हे चित्र काढलं तेव्हा त्या दुर्घटनेला सातच वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये चित्र बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बातमी माहीत असणार.

आणि प्रेत नाही, याचा अर्थ नुसता भावनेचा नाही. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं धरायचं, हा तिथला जुना दंडक. १८६१ च्या कायद्यातही तेच, सात वर्षं बेपत्ता असलेल्याच्या जोडीदाराने दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा गुन्हा लागत नसे. होडी बुडाल्याचा धड पुरावा असेल तर आधीही मानत, पण पुरावा देणारे सगळे होडीतच असले तर? विधवेला सरकारी निवृत्तिवेतन देणारा कायदा व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं, आठवड्याला दहा शिलिंग. त्याआधी आधार म्हणजे गाव, चर्च, आणि १८३९ साली स्थापन झालेली बुडालेल्या खलाशांच्या आणि मच्छीमारांच्या घरच्यांना मदत करणारी संस्था. ती अजून चालू आहे.

नावाबद्दल एवढंच म्हणेन. आमच्या घरी त्या वेळेला ‘फटफटलं’ म्हणतात. सूर्य नाही, रंग नाही, नुसता पांढुरका उजेड. चित्रात तोच आहे.

तैलरंग

डोलकाठी यांच्या माहितीबद्दल आभार, रात्रीच्या जाळ्यांचं मला ठाऊक नव्हतं. मी चित्रकला शिकवतो, आणि एक शंका इथे मांडतो. राग मानू नये.

हे गाव गरीब, आणि चित्रकार सगळे बाहेरचे. ब्रॅम्ली लिंकनशरचा, शिकला अँटवर्पला, मग व्हेनिसमध्ये राहिला, १८८४-८५ च्या हिवाळ्यात न्यूलिनला आला आणि दहा-एक वर्षांत सोडूनही गेला. न्यूलिनचा दुसरा नावाजलेला चित्रकार स्टॅनहोप फोर्ब्स, तो डब्लिनमध्ये जन्मलेला. गावकऱ्यांना पैसे देऊन समोर बसवायचे, चित्र लंडनला रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात पाठवायचे. ‘अ होपलेस डॉन’ १८८८ मध्ये तिथे लागलं आणि लगेच चँट्री निधीतून, म्हणजे चित्रं घेण्यासाठी ठेवलेल्या एका देणगीतून, देशासाठी विकत घेतलं गेलं. ब्रॅम्लीचं नाव झालं. ज्या बाईने गुडघ्यावर बसून पाठ दाखवली तिला बसण्याची मजुरी मिळाली. दुसऱ्याच्या घरातला आकांत असा विकायचा का, हा प्रश्न मला वर्गात दर वेळी पडतो.

त्यातून त्या काळात हा विषय पुष्कळ चालायचा. फ्रँक हॉलने १८७० मध्ये ‘नो टायडिंग्ज फ्रॉम द सी’ रंगवलं, ते राणी व्हिक्टोरियाने घेतलं. वॉल्टर लँग्लीने न्यूलिनमध्येच १८८३ साली असंच एक जलरंगातलं चित्र केलं, वृद्धा आणि तरुणी.

कारागिरीबद्दल मात्र वाद नाही. न्यूलिनचे लोक चपटा, चौकोनी टोकाचा कुंचला वापरायचे. फटकारे तसेच ठेवायचे, घोटून गुळगुळीत करायचे नाहीत. फ्रान्समधून, बास्तिअँ-लपाज या चित्रकाराकडून आलेली ही पद्धत, आणि ब्रॅम्ली तिच्यात सगळ्यांत पक्का. बाकीचे उघड्यावर, किनाऱ्यावर रंगवत असताना हा घरात शिरला आणि दोन उजेडांचं गणित सोडवत बसला. रातपाळी यांनी जे वर्णन केलंय, दोन्ही उजेड सारखेच फिके, ते रंगवणं भयंकर अवघड आहे. पिवळा जरा जास्त झाला की रात्र होते, निळा जास्त झाला की मेणबत्ती खोटी दिसते. विद्यार्थ्यांना करायला दिलं तर आठपैकी आठ जण मेणबत्ती जास्त उजळ करतात.

रातपाळी

तैलरंग, राग कशाचा? हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्यापायीच मी दोन आठवड्यांपूर्वी न्यूलिनला जाऊन आले. प्लिमथहून पेन्झन्स रेल्वेने दोन तास, पुढे समुद्राच्या कडेने चालत. आजही मोठं मासळीबंदर आहे, सकाळी गेलात तर बर्फाचा आणि डिझेलचा वास. तिथून तशीच पुढे माउझल या शेजारच्या गावाच्या रस्त्याला लागले. मध्ये पेनलीचं जुनं होडीघर लागतं. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री तिथून ‘सॉलोमन ब्राउन’ ही जीवनरक्षक नौका निघाली होती, ‘युनियन स्टार’ नावाच्या बंद पडलेल्या जहाजावरची माणसं वाचवायला. नौकेवर आठ जण, सगळे माउझलचे, सगळे स्वयंसेवक. चौघांना उतरवून घेतलं असं त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवलं. त्यानंतर काही नाही. दोन्हीकडचे मिळून सोळा जण गेले.

माउझल केवढं आहे ते चालून बघितलं तर कळतं. अर्ध्या तासात सगळ्या गल्ल्या संपतात. नाताळात बंदरभर दिवे लावतात, आणि दर वर्षी १९ डिसेंबरला ते थोडा वेळ मालवतात. त्या होडीघरापाशी उभी राहिले तेव्हा माझ्या मनात ‘आकांत विकला’ हे आलं नाही. एवढंच आलं की ही वेळ या किनाऱ्यावर खरोखर येते, माझ्या आयुष्यातही येऊन गेली आहे, आणि कुणीतरी ती पाहून ठेवली.

तुमचा मुद्दा त्याने खोडला जात नाही हे मला कळतं. पण एक बघा, ब्रॅम्लीने तिचा चेहरा दाखवलेला नाही. रुग्णालयात असं कुणी कोसळलं की आम्ही पडदा ओढून घेतो. त्याने तेवढं तरी केलंय.

ऑलिव्ह

भिंतीवरच्या ‘धार्मिक चित्रा’बद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. मी ख्रिस्ती घरातली आहे, आणि मला वाटतं नावाचं कुलूप तिथेच आहे.

आधी नाव कुठून आलं ते. जॉन रस्किन या कलासमीक्षकाने १८५६ मध्ये टर्नर या चित्रकाराच्या बंदरांच्या चित्रांसोबत एक लेख लिहिला, ‘द हार्बर्स ऑफ इंग्लंड’. त्यात एक लांबलचक वाक्य आहे. माणसाचे कष्ट आणि दुःख युगानुयुगं चालू आहेत, लाटा येतात, वारा विव्हळतो, शूर माणसं किनाऱ्यावर शेवाळासारखी आपटून जातात, असं म्हणत म्हणत तो पुढे म्हणतो की तरीही प्रत्येक एकट्या होडीच्या सुकाणूवर, ताऱ्यांवाचूनच्या रात्रीत आणि आशेवाचूनच्या पहाटेत, ‘त्या’चा हात आहे, ज्याने कोळ्याच्या हाती स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या. ब्रॅम्लीने त्यातले दोनच शब्द उचलले. वाक्य तिथे थांबत नाही, पण नाव थांबतं.

आणि वाक्याचा उरलेला भाग भिंतीवर आहे. ते टांगलेलं चित्र राफाएल या इटालियन चित्रकारावरून केलेलं छापील चित्र आहे, येशू पेत्राला, म्हणजे आपल्या मूळच्या कोळी असलेल्या शिष्याला, किल्ल्या देतो तो प्रसंग. राफाएलने १५१५-१६ च्या सुमारास व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या विणलेल्या पडद्यांसाठी मोठे आराखडे काढले होते, त्यांतला एक. ते आराखडे १८६५ पासून लंडनमध्येच, आता ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय म्हणतात तिथे आहेत.

आता पुढचं माझं वाचन आहे, कुठे लिहिलेलं पाहिलेलं नाही. राफाएलच्या त्या चित्रात किल्ल्यांबरोबर मेंढरंही आहेत आणि मागे होडी आहे. म्हणजे त्याने योहानाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय त्यात घेतलाय. तो अध्याय मला लहानपणापासून पाठ आहे. पेत्र आणि इतर शिष्य तिबिर्य समुद्रावर मासे धरायला जातात. रात्रभर जाळं टाकून काही मिळत नाही. पहाट होते, तेव्हा येशू किनाऱ्यावर उभा असतो, आणि त्यांना तो ओळखू येत नाही. ते होडी लावतात तर किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. तो म्हणतो, या, न्याहारी करा. त्यानंतर तो पेत्राला म्हणतो, माझी मेंढरं पाळ.

रात्रभर समुद्रावर गेलेली माणसं, पहाट, आणि त्यांच्यासाठी तयार ठेवलेली न्याहारी. आता त्या टेबलाकडे पाहा. डोलकाठी यांनी ते कुणासाठी मांडलंय हे सांगितलं तेव्हा मला हे सगळं एकदम दिसलं. भिंतीवर एक पहाट आहे जिथे होडी किनाऱ्याला लागते, आणि खाली खोलीत ही पहाट.

न्यूलिनचे लोक कडवे मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधल्या एका पंथाचे होते, हे त्यांच्यासाठी भिंत सजवणं नव्हतं. रविवारी मासेमारी करायची नाही म्हणजे नाही. १८९६ च्या मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्टच्या होड्या रविवार मोडून मासे आणू लागल्या. त्यामुळे सोमवारचा भावही पडायचा, तोही राग होताच. तेव्हा न्यूलिनकरांनी त्या होड्यांवर चढून लाखभर मॅकरेल समुद्रात फेकले. शेवटी सैन्य आणावं लागलं. अशा घरातल्या बाईजवळ रात्रभर बायबल उघडं आहे, तर ती ते वाचत बसली होती असं मी धरते. कुठला अध्याय ते मात्र चित्रात वाचता येत नाही.

म्हणून ‘निराश’ तर नकोच. रस्किनच्या वाक्यात पहाटेला आशा नाही, पण माणसाला सोडलेलं नाही. पागोळी यांचं ‘उजाड पहाट’ मला आवडलं. फक्त रस्किनची भाषा व्यासपीठावरून बोलणाऱ्याची आहे, त्यामानाने ‘फटफटलं’ फार घरगुती होईल का?

डोलकाठी

रस्किनसाठी घरगुती होईल. त्या दोघी बायकांसाठी नाही.

रातपाळी

तीन दिवस पाळी होती म्हणून उशीर झाला. तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत त्याने मी दोनदा उठून चित्राची छापील प्रत बघितली.

ऑलिव्ह, तुम्ही लिहिलेलं मी आईला फोनवर जवळजवळ शब्दशः वाचून दाखवलं, किनाऱ्यावरच्या न्याहारीसकट. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "भिंतीवरचं ते चित्र त्या पोरीला दिसतंय का?" दिसत नाहीये. तिचं तोंड मांडीत आहे. "आणि म्हातारीला?" मी प्रत पुढ्यात घेऊन पाहिलं. म्हातारीचं लक्ष सुनेकडे आहे. त्या खोलीत कुणीच त्या भिंतीकडे बघत नाहीये. आपल्यालाच ती पहाट दिसते. याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा.

डोलकाठीदादा, होड्या पहाटे परत येतात हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक रात्रीच करून ठेवला असेल तिने." मग जरा थांबून, "आता ते उचलायचं कुणी?" मला उत्तर देता आलं नाही. रुग्णालयात मागे राहिलेला डबा, चष्मा, पाण्याची बाटली मी पिशवीत भरून नाव लिहून देते. घरात ते काम कोण करतं हे मी कधी पाहिलेलं नाही.

तैलरंग, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी मेणबत्ती बरोबर केली तर ते चित्र इथे दाखवाल का?

नावाचं असं ठरवलं. माझ्या वहीत, आणि आमच्या इथल्या मराठी वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मी या चित्रावर बोलणार आहे तिथे, ‘उजाड पहाट’ लिहीन, खाली पागोळी यांच्या नावाने. आईला मात्र दोन्ही नावं सांगितली होती. ती म्हणाली, "पहिलं छान आहे. पण मी तिथे उभी होते तेव्हा माझ्या मनात दुसरंच आलं होतं. नुसतंच फटफटलं."

गुरुवारी सुट्टी आहे. राफाएलचा तो आराखडा बघायला लंडनला जाते आहे. होडीत कुणी बसलंय का, आणि किनाऱ्यावर विस्तव दाखवलाय का, ते पाहून इथेच लिहीन.